कर्ट फ्लड: सेंटर फील्डमधून सुप्रीम कोर्टात

१९६९ च्या ऑक्टोबरमध्ये एका पहाटे सेंट लुइसमध्ये बेसबॉलपटू कर्ट फ्लडचा फोन वाजला. पलीकडे कार्डिनल्स संघाच्या ऑफिसातला मधल्या फळीतला एक अधिकारी होता. तुला फिलाडेल्फिया फिलीजला देऊन टाकलंय, एवढाच निरोप. पाठोपाठ टपालाने करार हस्तांतराची छापील नोटीस आली. बारा हंगाम ज्या संघासाठी तो खेळला, ज्याच्या १९६४ आणि १९६७ च्या वर्ल्ड सिरीज (हंगामाच्या अंतिम मालिकेतल्या) विजयांत त्याचा मोठा वाटा होता, त्या संघाने त्याला असा नारळ दिला. मालक नाही, मॅनेजर नाही, एक कारकून आणि एक कागद.

असे फोन तेव्हा बेसबॉलमध्ये रोजचेच होते. खेळाडू दोन दिवस चडफडायचे, मग बॅग भरून नव्या गावाला जायचे. फ्लड गेला नाही. तो कोर्टात गेला, तिथे हरला आणि त्याची कारकीर्द तिथेच आटोपली. आज त्याचं नाव निघतं ते त्या खटल्यामुळे. मैदानावर तो काय चीज होता हे मात्र बहुतेकांना ठाऊक नसतं, आणि ते कळल्याशिवाय त्याने नेमकं काय पणाला लावलं हेही कळत नाही.

मैदानातला माणूस

बेसबॉलमध्ये कुंपणाच्या बाजूला तिघे आउटफील्डर उभे असतात: लेफ्ट, सेंटर आणि राइट फील्डर. यातल्या सेंटर फील्डरच्या वाट्याला सगळ्यात मोठा पट्टा येतो. लाँग ऑन आणि लाँग ऑफ या दोन्ही जागा एकट्याने सांभाळायच्या, असं काहीसं ते काम. चेंडू बॅटला लागतो त्या क्षणीच तो कुठे पडणार हे ओळखावं लागतं. पुढे यायचं की पाठ करून मागे धावायचं, हा निर्णय पहिल्या पावलात घ्यायचा असतो. पहिलं पाऊल चुकलं तर नंतर कितीही वेगाने धावा, चेंडू डोक्यावरून जातो.

फ्लड ५ फूट ९ इंच उंच, वजन जेमतेम ७५ किलो. घरचे गरीब. जन्म ह्यूस्टनचा, १९३८ चा, पण वाढला कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये. तिथल्या मॅकक्लिमंड्स हायस्कूलमधून त्याच सुमाराला फ्रँक रॉबिन्सन आणि व्हेडा पिन्सन हेही बेसबॉलमध्ये गेले. सिनसिनाटी रेड्सने त्याला १९५६ मध्ये घेतलं. गंमत म्हणजे दुसऱ्या वर्षी रेड्सने त्याला दुय्यम लीगमध्ये थर्ड बेसवर, म्हणजे मैदानाच्या आतल्या बाजूला, उभं केलं. तिथे तो चांगलाच चाचपडला. डिसेंबर १९५७ मध्ये रेड्सने त्याला कार्डिनल्सला देऊन टाकलं. तेव्हा तो व्हेनेझुएलात हिवाळी लीग खेळत होता, बातमी तारेने कळली. वय १९. पुन्हा कधी कुणाला स्वतःला असं देऊ द्यायचं नाही, हे त्याने तेव्हाच मनाशी ठरवलं होतं, असं तो पुढे सांगायचा.

कार्डिनल्सकडेही सुरुवात खडतरच झाली. मॅनेजर सॉली हीमस त्याला बाकावर बसवायचा. १९६१ च्या मध्यावर जॉनी कीन मॅनेजर झाला आणि त्याने सेंटर फील्ड फ्लडच्या हवाली केलं. त्यानंतर १९६९ पर्यंत ती जागा कुणी मागितली नाही.

उत्तम क्षेत्ररक्षकाला मिळणारा गोल्ड ग्लव्ह त्याने १९६३ ते १९६९ अशी सलग सात वर्षं घेतला. नुसता आकडा पाहू नका, सोबतीला कोण होतं ते पाहा. मेजर लीगचे दोन भाग, नॅशनल लीग आणि अमेरिकन लीग. तेव्हा प्रत्येक लीगमधल्या तीन आउटफील्डरना हा मान मिळे. नॅशनल लीगमध्ये १९६३ पासून १९६८ पर्यंत, सहाच्या सहा वर्षं, ती तीन नावं एकच होती: विली मेज, रोबर्तो क्लेमेंते, कर्ट फ्लड. पहिले दोघे बेसबॉलच्या देव्हाऱ्यात केव्हाच जाऊन बसलेत. १९६६ च्या अख्ख्या हंगामात फ्लडच्या नावावर एकही एरर, म्हणजे क्षेत्ररक्षणातली नोंदलेली चूक, नाही. सप्टेंबर १९६५ ते जून १९६७ या काळात तो सलग २२६ सामने, ५६८ संधी, बिनचूक खेळला.

इथे एक खुसपट काढायला हवं. एरर न करणं म्हणजे उत्तम क्षेत्ररक्षण, हे समीकरण फसवं आहे. जो चेंडूपर्यंत पोचतच नाही त्याच्या नावावर एरर लागत नाही. सुरक्षित खेळणारा सुस्त फील्डरही कागदावर स्वच्छ दिसतो. फ्लडचं वेगळेपण हे की तो पोचायचा, कुंपणाला धडकून झेल घ्यायचा, आणि तरीही त्याच्या नावापुढे शून्य असायचं. १९६८ च्या ऑगस्टमध्ये एका मोठ्या क्रीडा साप्ताहिकाने मुखपृष्ठावर त्याला बेसबॉलमधला सर्वोत्तम सेंटर फील्डर म्हटलं, तेव्हा मेज अजून खेळत होता. बॅटही दुबळी नव्हती. १९६४ मध्ये २११ हिट्स, म्हणजे बेस गाठून देणारे फटके. १९६८ हे पिचरांच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांच्या, दहशतीचं वर्ष, त्यात सरासरी (बॅटिंगच्या दर संधीमागे हिट्स) .३०१. कारकिर्दीची सरासरी .२९३.

एक पाऊल पुढे

१० ऑक्टोबर १९६८. वर्ल्ड सिरीजचा सातवा, म्हणजे निर्णायक सामना, सेंट लुइसच्या मैदानावर, समोर डेट्रॉइट टायगर्स. कार्डिनल्सचा पिचर बॉब गिब्सन, डेट्रॉइटचा मिकी लोलिच. सहा डाव झाले तरी ०-०. सातव्या डावात दोन बाद झाले, मग लागोपाठ दोन सिंगल. जिम नॉर्थरपने चेंडू उंच, थेट सेंटरकडे मारला.

फ्लड पुढे आला. लगेच त्याला कळलं की चेंडू मागे जातोय. वळला, ओलसर गवतावर पाय सरकला, आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून कुंपणाकडे गेला. दोन धावा. पुढच्या फटक्यावर आणखी एक. डेट्रॉइटने सामना ४-१ असा आणि सिरीजही जिंकली. डाव संपल्यावर फ्लड गिब्सनला म्हणाला की चूक माझी. गिब्सनने ते मानलं नाही. नॉर्थरपनेही नंतर सांगितलं की तो चेंडू तसाही हाती लागला नसता. स्कोअरबुकात ती ट्रिपल, म्हणजे तीन बेस मिळवून देणारा फटका आहे, एरर नाही. पण सात वर्षं ज्याचं पहिलं पाऊल चुकलं नव्हतं त्याचं ते पाऊल सगळ्या अमेरिकेने पाहिलं होतं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात पैशांवरून खटका उडाला. फ्लडला ७२,५०० डॉलर मिळत होते, त्याने ९०,००० मागितले आणि एक सेंटही कमी घेणार नाही असं ठणकावलं. मिळाले. पण मालक ऑगस्ट बुश, बिअरच्या धंद्यातला बडा शेठ, हे विसरला नाही. मार्च १९६९ मध्ये त्याने सगळ्या संघाला समोर बसवून, पत्रकारांच्या देखत, खेळाडू कसे माजलेत, प्रेक्षकांना कसे दुरावतात यावर बौद्धिक घेतलं. त्या हंगामात संघ चौथा आला. हंगाम संपताच फ्लड, टिम मॅकार्व्हर, जो होर्नर आणि बायरन ब्राउन यांच्या बदल्यात कार्डिनल्सने फिलीजकडून डिक ॲलन, कुकी रोहास आणि जेरी जॉन्सन घेतले.

सातव्या सामन्यातल्या त्या एका पावलामुळे फ्लडला घालवलं असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. त्या हंगामानंतर त्याचा पगार वाढला होता, घटला नव्हता. डोळ्यांत खुपला तो मागणी करणारा खेळाडू.

कलम १०

आता कागदाकडे येऊ. प्रत्येक खेळाडूच्या करारात दहाव्या कलमात एक वाक्य होतं: मार्चपर्यंत नव्या करारावर सही झाली नाही, तर क्लबला आधीचाच करार आणखी एका वर्षासाठी वाढवता येईल. दिसायला साधी मुदतवाढ. मालक त्याचा अर्थ असा लावत की वाढवलेल्या करारातही हेच कलम असतं, म्हणजे तो पुन्हा वाढवता येतो, मग पुन्हा, मरेपर्यंत. याला रिझर्व्ह क्लॉज म्हणत. त्याची सुरुवात १८७९ ची, आधी संघामागे पाच खेळाडूंपुरती, नंतर सगळ्यांना लागू. खेळाडूने एकदा पहिली सही केली की तो त्या क्लबचा. क्लबला वाटलं तर विकेल, बदली करेल, काढून टाकेल. खेळाडूला नको असेल तर त्याने बेसबॉल सोडावं.

आयपीएलमधल्या बोल्या पाहणाऱ्या आपल्याला खेळाडूची किंमत लागण्याचं नवल नाही. पण तिथे खेळाडू स्वतः नाव नोंदवतो आणि कराराला मुदत असते. फ्लडच्या करारात मुदत हा प्रकारच नव्हता.

हे मक्तेदारीविरोधी कायद्यात बसत कसं? बसत नव्हतंच, आणि इथे सुप्रीम कोर्टाचा एक अजब निकाल आड येत होता. १९२२ मध्ये न्यायमूर्ती होम्स यांनी लिहिलं होतं की बेसबॉलचे सामने हा स्थानिक कारभार आहे, आंतरराज्यीय व्यापार नव्हे, खेळाडूंचा प्रवास केवळ अनुषंगिक. म्हणून केंद्राचा मक्तेदारीविरोधी कायदा त्याला लागू नाही. रेडिओ आला, टीव्ही आला. १९५३ मध्ये टूलसन खटल्यात कोर्टाने तोच निकाल उचलून धरला आणि बदल हवा असेल तर तो काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, करावा, असं सांगून हात झटकले. त्यानंतर बॉक्सिंगला आणि अमेरिकन फुटबॉलला ही सवलत नाही, असं त्याच कोर्टाने ठरवलं. म्हणजे सगळ्या धंदेवाईक खेळांत बेसबॉल एकटा कायद्याच्या बाहेर.

"हरशील" असं सांगितल्यावर

फ्लडने फिलाडेल्फियाला जायला नकार देण्यामागे अनेक धागे होते. सेंट लुइसमध्ये त्याचा फोटो स्टुडिओचा धंदा होता, घर होतं. फिलाडेल्फियाचे प्रेक्षक आपल्यासारख्या काळ्या खेळाडूंशी कसे वागतात हे त्याने डिक ॲलनच्या बाबतीत पाहिलं होतं. फिलीज मात्र त्याला जवळपास एक लाख डॉलर द्यायला तयार होते, म्हणजे प्रश्न पैशाचा नव्हता.

खोलवरचा धागा जुना होता. दुय्यम लीगमध्ये दक्षिणेत खेळताना त्याला संघाबरोबर हॉटेलात जेवता येत नसे, बसमध्ये बसून खावं लागे. त्याने सांगितलेला एक प्रसंग असा. एकाच दिवशी दोन सामने होते. मधल्या वेळेत सगळ्यांनी घामाने भिजलेले कपडे काढून ढिगात टाकले. तिथल्या नोकराने काठीने फ्लडचे कपडे त्या ढिगातून बाजूला उचलले, कारण ते गोऱ्यांच्या कपड्यांबरोबर धुवायचे नव्हते. ते गावातल्या काळ्यांच्या लाँड्रीत गेले आणि परत येईपर्यंत फ्लड उघडाच बसून राहिला. बाहेर सामन्याची वेळ टळत होती. १९६२ मध्ये तो आधुनिक मेजर लीगमधला पहिला काळा खेळाडू जॅकी रॉबिन्सन याच्याबरोबर मिसिसिपीतल्या जॅक्सनला नागरी हक्कांच्या सभेला गेला. १९६४ मध्ये, वर्ल्ड सिरीज जिंकल्यावर लगेच, कॅलिफोर्नियातल्या अलामो गावात त्याने घर भाड्याने घेतलं. भाडेकरू काळे आहेत हे कळताच बंदुकीची धमकी आली. कोर्टाचा हुकूम घेऊन तो त्या घरात राहायला गेला. म्हणजे कोर्टाची पायरी त्याला नवीन नव्हती, आणि तिथे एकदा न्याय मिळालेला होता.

खेळाडू संघटनेचा कार्यकारी संचालक मार्विन मिलर पोलाद कामगारांच्या युनियनमधून आलेला कसलेला माणूस. त्याने फ्लडला गोड शब्दांत काही सांगितलं नाही. तू बहुतेक हरशील. जिंकलास तरी तुला स्वतःला काही मिळणार नाही. तुझं वय ३१, खटला चालेपर्यंत खेळणं संपेल. पुढे कोच किंवा मॅनेजर म्हणून तुला कुणी उभं करणार नाही. फ्लडने विचारलं, इतर खेळाडूंना फायदा होईल का? मिलर म्हणाला, होईल, आणि पुढे येणाऱ्यांनाही. फ्लडला तेवढं पुरलं.

डिसेंबर १९६९ मध्ये पोर्तो रिकोत सान हुआनला खेळाडू प्रतिनिधींची बैठक झाली. टॉम हॅलरने तोंडावर विचारलं की हे सगळं तू काळा आहेस म्हणून करतो आहेस का. फ्लडने उत्तर टाळलं नाही. काळा म्हणून मी तुमच्यापेक्षा जास्त सोसलंय हे खरं, पण हे कलम इथल्या प्रत्येकाला बांधून ठेवतं, असा त्याच्या बोलण्याचा आशय. २५ विरुद्ध ० मतांनी संघटनेने खर्च उचलायचं ठरवलं.

२४ डिसेंबरला त्याने बेसबॉलचे कमिशनर बोवी कून यांना पत्र लिहिलं. बारा वर्षं मेजर लीगमध्ये खेळल्यावर, माझ्या इच्छेचा विचार न करता मला विकावं-घ्यावं अशी मी मालमत्ता आहे असं मला वाटत नाही, हा त्या पत्राचा गाभा. इतर क्लबांना कळवा की मी उपलब्ध आहे, अशी विनंती. कून यांनी उत्तर दिलं: तुम्ही मालमत्ता नाही हे मान्य, पण करार करार आहे. जानेवारीच्या सुरुवातीला टीव्हीवर हॉवर्ड कोसेलने विचारलं, वर्षाला ९०,००० डॉलर मिळवणारा माणूस गुलाम कसा? फ्लडने सांगितलं की भरपूर पगार मिळाला तरी गुलाम तो गुलामच. हे वाक्य त्याला महागात पडलं. वर्षाला आठ-दहा हजार कमावणाऱ्या प्रेक्षकाला त्याची कीव येणं शक्य नव्हतं, आणि क्रीडा पत्रकारांनी त्याला कृतघ्न ठरवून झोडपलं.

खटला

दावा जानेवारी १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात दाखल झाला. वकील आर्थर गोल्डबर्ग, सुप्रीम कोर्टाचे माजी न्यायमूर्ती. नाव भारदस्त, पण त्याच वर्षी ते न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदाची निवडणूक लढवत होते, आणि दोन्ही डगरींवर पाय ठेवणाऱ्याचं जे होतं तेच झालं.

फ्लडच्या बाजूने जॅकी रॉबिन्सन साक्षीला आला. माजी खेळाडू हँक ग्रीनबर्ग आला. क्लबचा माजी मालक बिल व्हेकही आला. पण त्या वेळी खेळत असलेला एकही खेळाडू कोर्टात आला नाही, मागच्या बाकावर येऊन बसायलाही नाही. २५-० ने हात वर करणाऱ्यांपैकी कुणी नाही, सेंट लुइसमधल्या जिवाभावाच्या मित्रांपैकी कुणी नाही. गिब्सनने तर त्याला आधीच वेड्यात काढलं होतं. ते भ्याले होते हे उघड आहे, आणि भिण्याचं कारणही खोटं नव्हतं: त्यांच्या प्रत्येकाच्या करारात तेच दहावं कलम होतं. तरी माझ्या मते या प्रकरणातली ही सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट आहे, मालकांच्या वागण्यापेक्षाही. मालक मालकांसारखेच वागले.

ऑगस्ट १९७० मध्ये न्यायाधीश आयर्व्हिंग बेन कूपर यांनी दावा फेटाळला. वरच्या कोर्टाचे निकाल आपल्यावर बंधनकारक आहेत, मात्र दोन्ही बाजूंना चालेल असं कलम वाटाघाटींतून घडवता येईल, असं त्यांनी म्हटलं. हे शेवटचं लक्षात ठेवा.

फ्लड १९७० चा पूर्ण हंगाम खेळला नाही. तो येत नाही म्हटल्यावर कार्डिनल्सने त्याच्या जागी फिलीजला विली मोंतान्येस हा तरुण खेळाडू दिला, आणि बेसबॉलचं रहाटगाडगं पुढे चालू राहिलं. फ्लडचा धंदा बुडत होता, घटस्फोट झाला होता, दारू वाढली होती. १९७१ मध्ये वॉशिंग्टन सेनेटर्सचा मालक बॉब शॉर्टने त्याला १,१०,००० डॉलर देऊ केले, खटल्याला बाध येणार नाही या अटीवर. पैशाची निकड होती, फ्लड गेला. मॅनेजर टेड विल्यम्स. वर्षभराच्या खंडानंतर हात आणि पाय दोन्ही साथ देईनात. १३ सामने, ३५ वेळा बॅटिंग, ७ हिट्स, सगळे सिंगल. एप्रिल संपायच्या आत तो न सांगता विमानतळावर गेला आणि तिथून शॉर्टला तार केली: प्रयत्न केला, पण दीड वर्ष फार होतं. तिथून स्पेन. मायोर्का बेटावर त्याने बार चालवला.

सुप्रीम कोर्टात २० मार्च १९७२ रोजी युक्तिवाद झाला. गोल्डबर्ग ज्या बाकावर कधीकाळी बसत होते त्याच्यासमोर उभे राहून अडखळले, आकडेवारीत अडकले, वेळ संपला. निकाल १९ जून १९७२ ला, ५ विरुद्ध ३. न्यायमूर्ती पॉवेल बाजूला झाले होते, कारण त्यांच्याकडे बुश यांच्या बिअर कंपनीचे शेअर होते.

बहुमताचा निकाल हॅरी ब्लॅकमन यांनी लिहिला. त्याचा पहिला भाग हे बेसबॉलचं प्रेमपत्र आहे. जुन्या काळाच्या आठवणी, कविता आणि ऐंशीहून जास्त नामांकित खेळाडूंची यादी. बहुमतातल्या बर्गर आणि व्हाइट यांनाही तो भाग इतका अवघड वाटला की त्यांनी त्यापुरती साथ दिली नाही. मग कायदा. बेसबॉल हा आंतरराज्यीय व्यापार आहे, हे ब्लॅकमन यांनी मान्य केलं. त्याला मिळालेली सूट विसंगत आहे, हेही मान्य केलं. आणि तरी निर्णय तोच: पन्नास वर्षं काँग्रेसने हात लावला नाही, म्हणून आम्हीही लावणार नाही. विरोधात डग्लस, ब्रेनन आणि मार्शल. डग्लस १९५३ च्या बहुमतात होते. तेव्हा चुकलो, असं त्यांनी सरळ लिहिलं.

चूक आहे हे कबूल करायचं आणि ती जुनी आहे म्हणून तशीच ठेवायची, असा हा निकाल. कायद्याचे अभ्यासक आजही तो पूर्वनिर्णयाच्या अतिरेकाचा नमुना म्हणून शिकवतात.

हरल्यावर काय झालं

फ्लडमुळे खेळाडू मुक्त झाले, असं सर्रास लिहिलं जातं. ते बरोबर नाही. कोर्टात त्याच्या हाती काहीही लागलं नाही. कुलूप उघडलं ते दुसऱ्याच दाराचं.

खटला चालू असताना मालकांचे वकील पुन्हा पुन्हा सांगत होते की हा कोर्टाचा विषय नाही, वाटाघाटींचा आहे. मिलरने तो शब्द धरून ठेवला. १९७० च्या सामूहिक करारात त्याने तक्रारींसाठी बाहेरचा तटस्थ लवाद मिळवला. तोपर्यंत शेवटचा शब्द कमिशनरचा, म्हणजे मालकांनीच नेमलेल्या माणसाचा असे. १९७३ च्या करारात आणखी एक नियम आला: मेजर लीगमध्ये दहा वर्षं झालेल्या आणि त्यातली शेवटची पाच एकाच क्लबमध्ये काढलेल्या खेळाडूची बदली त्याच्या संमतीशिवाय करता येणार नाही. हा नियम १९६९ मध्ये असता तर फ्लडचा खटलाच उभा राहिला नसता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात शिकागो कब्जच्या रॉन सँटोने हा हक्क पहिल्यांदा वापरला आणि एंजल्सकडे जायला नकार दिला. फोन करून नव्हे, विचारून त्याला पाठवायचं होतं, आणि तो नाही म्हणाला, एवढंच.

मग आला लवाद. १९७५ मध्ये डॉजर्सचा अँडी मेसरस्मिथ आणि एक्सपोजचा डेव्ह मॅकनॅली, दोघे पिचर, नव्या करारावर सही न करता खेळले. मिलरचा मुद्दा साधा होता: कलमात एक वर्ष म्हटलंय, म्हणजे एक वर्ष. २३ डिसेंबर १९७५ रोजी लवाद पीटर सायट्झ यांनी तो मान्य केला. मालकांनी सायट्झ यांना तत्काळ नोकरीवरून काढलं आणि कोर्टात गेले. १९७६ मध्ये तिथेही हरले. ज्या कोर्टाने फ्लडला दारातून परत पाठवलं होतं, त्याच न्यायव्यवस्थेने लवादाचा निकाल कायम ठेवला, कारण आता तो कायद्याचा नाही, कराराच्या अर्थाचा प्रश्न होता.

फ्लडने मक्तेदारीवर हल्ला केला होता. मेसरस्मिथने एका वाक्याचा अर्थ विचारला. पहिल्यात तत्त्व मोठं होतं, दुसऱ्यात जिंकण्याची शक्यता. पण मग फ्लडचा खटला वाया गेला का? माझं उत्तर नाही असं आहे, फक्त त्याचं श्रेय नेमक्या जागी द्यावं. दहाव्या कलमाला हात लावता येतो, ही गोष्ट त्याच्यामुळे खेळाडूंच्या डोक्यात पहिल्यांदा शिरली. आणि मालकांना भर कोर्टात "वाटाघाटी करू" असं म्हणायला लावून त्याने मिलरला पुढची पाच वर्षं पुरेल इतकं भांडवल दिलं.

मुक्तीनंतरच्या व्यवस्थेलाही एक मेख आहे. १९७६ च्या करारात सहा वर्षं खेळल्यावर खेळाडू मुक्त होईल, असं ठरलं. ही तडजोड मिलरला मनापासून मान्य होती. सगळेच दरवर्षी मोकळे झाले तर बाजारात खेळाडूंचा पूर येऊन भाव पडेल, हे त्याला कळत होतं. ओकलंडचा मालक चार्ली फिनली नेमकं तेच म्हणत होता, सगळ्यांनाच मोकळं करा, पण बाकीच्या मालकांनी त्याचं ऐकलं नाही. सहा वर्षांची ती अट आजही आहे.

फ्लड पुढे अमेरिकेत परतला, १९७८ मध्ये ओकलंडच्या सामन्यांचं समालोचन केलं, दारू सोडली, दुसरं लग्न केलं. मिलरने सांगितलं होतं तसंच झालं, मेजर लीगच्या कुठल्या संघाने त्याला कोच म्हणून घेतलं नाही. २० जानेवारी १९९७ रोजी घशाच्या कर्करोगाने तो गेला, वय ५९. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी कर्ट फ्लड कायद्यावर सही केली. त्याने मेजर लीग खेळाडूंच्या नोकरीपुरती बेसबॉलची ती जुनी सूट काढून घेतली. दुय्यम लीग आणि संघ एका शहरातून दुसऱ्या शहरात हलवणं हे विषय त्यातून मुद्दाम वगळले होते. म्हणजे १९२२ चा निकाल पूर्ण गेलेला नाही.

हॉल ऑफ फेममध्ये फ्लड नाही. ज्यांनी त्याची विनंती नाकारली ते कून २००८ मध्ये आत गेले, मिलर त्यांच्या मागून. ज्याच्या बदल्यात त्याला देऊन टाकलं तो डिक ॲलन डिसेंबर २०२४ मध्ये निवडला गेला. १,८६१ हिट्स आणि ८५ होम रन एवढ्या बॅटिंगवर फ्लड तिथे बसत नाही, असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही, कारण त्या आकड्यांत दोन-तीन हंगाम कमी पडतात आणि ते का कमी पडतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण निव्वळ ग्लव्हच्या जोरावर त्या इमारतीत गेलेले खेळाडू आहेत. मेज आणि क्लेमेंतेच्या बरोबरीने सहा वर्षं ज्याचं नाव लिहिलं गेलं, त्याचा अर्ज समितीने त्या बाजूनेही एकदा उघडून पाहावा.